चौमहल्ल्यातील कारंजी आणि आपली स्मृती

धर्माबादहून निघालेली गाडी बासर मागे टाकून गोदावरी ओलांडते, तेव्हा महाराष्ट्र संपलेला असतो. 1956पर्यंत ही सीमा नव्हती. आमच्या गावाची राजधानी हैदराबादच होती. आम्ही चार मित्र चौमहल्ला पॅलेस पाहावयास गेलो, तेव्हा परक्या राजाचा वाडा पाहावा तसे आम्हांला तो पाहता आला नाही, याचे कारण हेच.

चौमहल्ल्याचे बांधकाम अठराव्या शतकात सुरू झाले आणि पाचव्या निजामाच्या काळात, 1857 ते 1869च्या दरम्यान, ते पूर्णत्वास गेले. जीर्णोद्धारानंतर 2005 साली तो सर्वांसाठी खुला झाला. खिलवतमधील संगमरवरी तख्त, वर लटकणारी एकोणीस झुंबरे, अंगणातील बाग, हौद, कारंजी: सौंदर्य निर्विवाद आहे. ते नाकारणे हा रसिकतेचा दोषच ठरेल.

पण आमच्यातील एक मित्र हौदाच्या काठावर बसून राहिला, आत आला नाही. त्याचे आजोबा रझाकारांच्या काळात घरदार सोडून वऱ्हाडच्या हद्दीतील एका कॅम्पात गेले होते. धर्माबादच्याच लोहमार्गावरील उमरी येथे 30 जानेवारी 1948 रोजी स्वातंत्र्यसैनिकांनी बँक लुटली, ती हकीकत त्याने घरीच ऐकलेली. "हे पाणी कोणाच्या शेतसाऱ्याचे?" एवढेच तो म्हणाला.

प्रश्न बोचरा होता, आणि आमच्या मते वाङ्मयीनही होता. कलाकृती वाचताना तिने काय सांगितले याइतकेच काय गाळले हेही आपण वर्गात शिकवतो. मग वास्तूला ही कसोटी का लावू नये? तिथे मांडलेल्या पोशाखांत, मोटारींत, छायाचित्रांत दरबार दिसतो. जहागिरीतला कुळ दिसत नाही, आणि ज्या जमिनीचे उत्पन्न थेट निजामाच्या खाजगीत जाई त्या सर्फ-ए-खासमधला शेतकरीही दिसत नाही.

मात्र उलट बाजूचे मौनही तितकेच खरे आहे. मुक्तिसंग्रामाविषयीचे आपले बरेचसे लेखन निजामी काळाकडे केवळ अंधार म्हणून पाहते. ज्या उर्दूची सक्ती आपल्याला जाचली, त्याच उर्दूतून आपल्या आजोबांनी गणित शिकले, कज्जे लढवले. तिचे शब्द मराठवाड्याच्या बोलीत आजही सुखाने नांदतात. नांदेडच्या नरहर कुरुंदकरांनी 'हैदराबाद : विमोचन आणि विसर्जन' लिहून या राज्याचा विचार मराठीत मांडला. त्या वाटेने पुढे जाणाऱ्या कथा-कादंबऱ्या आपल्याकडे किती, हे प्रत्येकाने मोजून पाहावे.

झुंबराखाली उभे राहून आनंद घेणे ही आजोबांशी प्रतारणा नव्हे. मात्र तो आनंद घेताना हौदाकाठी बसलेल्या मित्राचा विसर पडला, तर ती नक्कीच प्रतारणा होईल. हे दोन्ही एकाच वाक्यात सामावणारे गद्य मराठवाड्याने अजून पुरेसे लिहिलेले नाही, असे आमचे मत आहे.

परतीच्या गाडीत आम्ही चौघेही बराच वेळ गप्प होतो. गोदावरी पुन्हा ओलांडली, तेव्हा अंधार पडला होता.