हाल सोसले म्हणून नायक?

पोरकं, उपेक्षित मूल पुढे वीर होतं, हे अद्भुतकथेचं सूत्र इतकं रुळलं आहे की हालअपेष्टाच माणूस घडवतात, असं आपण धरूनच चालतो. हॅरी पॉटरची मालिका ते खोटं ठरवते. हॅरी मावशीकडे जिन्याखालच्या कपाटात वाढला, खलनायक टॉम रिडल अनाथाश्रमात. एक मित्रांसाठी मरायला निघतो, दुसरा मरण चुकवण्यासाठी खून पाडतो. हॅरीला निदान वर्षभर आईची माया मिळाली, असा आक्षेप निघेल आणि तो रास्तच आहे. पण मग घडवणारी ठरते ती माया.

उर्सुला ल गुईन यांची ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ (१९६८) याहून खोल जाते. नायक गेड वर्षाचा व्हायच्या आत त्याची आई गेली, बाप अबोल नि कठोर. त्या बालपणानं त्याला काही दिलं असेल तर ताठा. ईर्ष्येपोटी तो मृतात्म्याला बोलावतो, त्यातून काळी सावली सुटते, त्याचा चेहरा फाडते, आणि ती वाट बुजवताना वृद्ध महागुरू प्राण गमावतात. गेड खरा बदलतो तो यानंतर: आधी पळतो, मग ओगियन गुरूंच्या सल्ल्यानं वळून त्याच सावलीच्या मागे होडी घालतो. म्हणूनच नव्या लेखकांची पहिल्याच पानावर आईबापांना मारण्याची घाई आम्हाला खटकते. नायकाच्या स्वतःच्या हातून काय बिघडलं, ते आम्हाला वाचायचं आहे.