घाऊक दुकानाचे कार्ड आणि घरचा किराणा

व्यापारी माणसाला ‘घाऊक भाव’ या दोन शब्दांची भारी ओढ असते. आम्हालाही आहे. आयुष्य सुरत, मालेगाव, इचलकरंजीच्या ठोक भावावर गेले, तेव्हा घरच्या साखर-तेलाला किरकोळ भाव का द्यावा, असा प्रश्न मनात येणे साहजिकच आहे. म्हणून मोठ्या शहरातल्या घाऊक दुकानांचे सभासद कार्ड काढावे काय, आणि काढले तर घरखर्चात खरोखर बचत होते काय, हा प्रश्न आमच्या व्यापारी व कारागीर बांधवांकडून वारंवार विचारला जातो. आम्ही येथे हिंगोली जिल्ह्यापुरते, कागद-पेन्सिल घेऊन त्याचे उत्तर देण्याचा प्रयत्न करीत आहोत.

ही कल्पना मूळची अमेरिकेची. सॅन दिएगो शहरात १९७६ साली सोल प्राइस नावाच्या गृहस्थाने विमाने ठेवण्याच्या जुन्या शेडमध्ये ‘प्राइस क्लब’ उघडला. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की सुरुवातीला तेथे फक्त छोट्या व्यावसायिकांनाच प्रवेश होता. वर्षाची वर्गणी भरायची, रोख पैसे द्यायचे, माल स्वतः उचलून न्यायचा. घरगुती ग्राहकांचा शिरकाव मागाहून झाला. १९८३ मध्ये सिएटल येथे ‘कॉस्टको’ निघाले आणि १९९३ मध्ये या दोन्ही कंपन्या एक झाल्या. तेथे साध्या कार्डाची वर्गणी सप्टेंबर २०२४ पासून वर्षाला ६५ डॉलर, तर वरच्या दर्जाच्या कार्डाची १३० डॉलर झाली. वरच्या कार्डावर खरेदीच्या २ टक्के परत मिळतात. म्हणजे जादाचे ६५ डॉलर वसूल व्हायलाच वर्षाला ३,२५० डॉलरची खरेदी व्हावी लागते. मालावर नफा थोडा ठेवायचा आणि कमाईचा मोठा भाग वर्गणीतून काढायचा, असा हा धंदा आहे. मराठवाड्यातली जी मुले तिकडे नोकरीला आहेत त्यांचे या दुकानांत भागते, कारण दारात मोटार, घरात मोठा फ्रीज आणि तळघरात जागा. आपल्याकडे यापैकी काय आहे याचा विचार आधी करावा.

हिंदुस्थानात जर्मनीच्या ‘मेट्रो’ कंपनीने २००३ साली बंगळूरपासून सुरुवात केली. वॉलमार्टची ‘बेस्ट प्राइस’ दुकाने २००९ मध्ये अमृतसरपासून आली आणि पुढे मराठवाड्यात औरंगाबादपर्यंत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरपर्यंत, पोहोचली. २०२० मध्ये हा कारभार फ्लिपकार्टकडे गेला आणि २०२३ मध्ये ‘मेट्रो’चा हिंदुस्थानातील धंदा रिलायन्सने घेतला. या दुकानांचे कार्ड फुकट मिळते, पण ते घरमालकाला नव्हे, धंदेवाल्याला. जीएसटी क्रमांक, गुमास्ता किंवा तत्सम परवाना दाखवावा लागतो, कारण परदेशी भांडवलाच्या घाऊक दुकानाने धंदेवाल्यालाच माल विकावा असे सरकारी धोरण आहे. अर्थात आपल्या वाचकांकडे गुमास्ता असतोच, म्हणून कार्ड निघते. आणि एकदा निघाले की दुकानाऐवजी घरची यादी खिशात घेऊन माणूस तेथे जातो. डी-मार्टला कार्ड लागत नाही, परंतु खाली जो हिशोब मांडला आहे तो त्यालाही लागू आहे.

आता हिशोब. पाच-सहा माणसांचे घर धरा. दूध, भाजी, मटण सोडून जो किराणा उरतो तो महिन्याला ५ हजारांचा धरा. मोठ्या दुकानात साबण, चहा, बिस्किटे यांवर सूट बरी असते, डाळ-तांदळावर कमी असते. तरीही आपण उदार मनाने सरसकट ८ टक्के बचत धरू. झाले ४०० रुपये. हिंगोलीहून नांदेड ऐंशी-नव्वद किलोमीटर, म्हणजे जाऊन येऊन सुमारे १८०. मोटारसायकल लिटरला ४५ किलोमीटर चालली तरी ४ लिटर पेट्रोल, आणि लिटरचा भाव शंभराच्या वर आहे. चारशे रुपये तेथेच संपले. दिवस मोडला तो वेगळा. शिवाय साठ-सत्तर किलो ओझे मोटारसायकलवर येत नाही, हे सांगायला नकोच.

कोणी म्हणेल, तीन महिन्यांचा माल एकदम आणू. ठीक आहे. १५ हजारांच्या खरेदीवर बचत १,२०० रुपये, पेट्रोल वजा जाता ८००. परंतु दरमहा ५ हजार जाणारच होते. आगाऊ गुंतले ते १० हजार. आमच्या कापडाच्या धंद्यात मुदतीच्या आत रोख पैसे देणाऱ्याला वटाव मिळतो. तो ३ टक्के धरला तर १० हजारांवर ३०० रुपये आपण गमावले. उरले ५०० रुपये, महिन्याला साधारण १६५. दोन-चार नको असलेल्या वस्तू टोपलीत पडल्या की तेही गेले, आणि त्या पडतातच. दुकानाची मांडणीच तशी केलेली असते. ‘दोनावर एक फुकट’ ही पाटी वाचून ज्याचा हात पुढे होत नाही असा माणूस आम्ही तरी पाहिलेला नाही.

व्यापारी दर महिन्याला मालासाठी टेम्पो घेऊन नांदेडला जातच असेल तर गोष्ट वेगळी. भाडे धंद्याचे, किराणा त्याच्या पाठीवर. अशा माणसाला थोडीबहुत बचत होते, हे आम्ही मान्य करतो.

भाव पाहताना वजन पाहावे. यात आपली माणसे फार फसतात. तेलाचा डबा १५ किलोचा असतो आणि १५ लिटरचाही असतो. दोन्ही डबे दिसायला सारखेच. पण १ लिटर खाद्यतेल साधारण ९१० ग्रॅम भरते, म्हणजे १५ लिटरच्या डब्यात साडेतेरा किलोच्या आसपास तेल. सव्वा किलोहून जास्त तेलाचा फरक, आणि माणूस डब्याला डबा लावून ‘तिकडे स्वस्त मिळाला’ म्हणून खूश. पूर्वी पाकिटांची मापे ठरलेली होती, ती सक्ती आता निघाली आहे, त्यामुळे ८०० ग्रॅम, ८५० ग्रॅम अशी पाकिटे किलोच्या पाकिटाशेजारी उभी असतात. मात्र पाकिटावर दर ग्रॅमचा वा दर मिलिलिटरचा भाव छापणे कायद्याने बंधनकारक झाले आहे. अक्षरे बारीक असतात, चश्मा लावावा लागतो, पण वाचण्यासारखी गोष्ट तीच आहे. मोठे पाकीट नेहमी स्वस्त असते असे नाही. कधी कधी दोन लहान पाकिटे एका मोठ्याहून स्वस्त पडतात.

धान्याच्या पोत्याचेही एक गणित आहे. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या छापील पाकिटबंद धान्य, डाळ व पिठावर ५ टक्के जीएसटी आला; त्याहून मोठे एकच पोते असेल तर कर नाही. लगेच बाजारात २६ किलोचे आणि ३० किलोचे तांदळाचे कट्टे दिसू लागले. दुकानदाराने समोर मोजून सुटे दिलेल्या मालावरही हा कर नाही. म्हणजे मोठ्या दुकानातल्या चकचकीत ५ किलोच्या पिशवीत कर आहे आणि मोंढ्यातल्या सुट्या तुरीच्या डाळीत नाही. ही तफावत सूट म्हणून जाहीर होत नाही, म्हणून कोणाच्या ध्यानात येत नाही.

घरात माल जास्त असला की खप जास्त होतो. आमच्या दुकानात याचा उलटा अनुभव येतो. गिऱ्हाईक अडीच मीटर कापड घेते तेव्हा शिंपी तुकडा तुकडा वाचवतो. पूर्ण थान घरी गेले की चिंध्या जास्त निघतात. तेलाचे, साखरेचे तेच. डबा भरलेला असला की कढईत हात सैल पडतो. त्यात आपला पावसाळा. रवा, बेसन, मैदा यांत अळी पडायला पंधरा दिवस पुरे. जे फेकले त्याचा भाव बचतीतून वजा करायचा असतो, तो कोणी करीत नाही.

आता उधारीचा मुद्दा, जो आम्हाला सर्वांत मोठा वाटतो. आपले शिंपी, रंगारी, सुतार, गॅरेजवाले, यांची रोजी रोजची किंवा आठवड्याची. मोठे दुकान कार्ड पाहते, पण उधार देत नाही. मोहल्ल्यातला किराणावाला “लिहून ठेवतो भाई, पहिल्या तारखेला बघू” म्हणतो. महिन्याच्या उधारीवर तो वेगळे काही लावत नसेल, तर ते फुकटचे भांडवल आहे. शिंप्याने तेवढ्या पैशात अस्तर, दोरा, बटण रोखीने घेतले तर त्याचे काम अडत नाही. २०२० च्या टाळेबंदीत कोणाच्या वहीवर किती घरे जगली हे आपण सर्वांनी पाहिले आहे. परंतु भावनेवर बाजार चालत नाही, हेही खरे. उधारीच्या नावाखाली जो दुकानदार किलोमागे पाच-सात रुपये चढवून लावतो, जुन्या भावाच्या मालाला नवा भाव सांगतो, त्याच्याकडे केवळ शेजारी म्हणून जावे असे आम्ही म्हणणार नाही. किराणावाल्यांनीही भावाची पाटी लावावी, वजन गिऱ्हाइकाकडे तोंड करून ठेवावे आणि रोखीला थोडी सूट द्यावी. गिऱ्हाईक नांदेडला जाते ते निम्मे राग म्हणून जाते.

आणखी एक सावधगिरी. कार्ड दुकानाच्या जीएसटी क्रमांकावर निघाले असेल, तर घरच्या साबण-तेलाचे बिलही त्याच क्रमांकावर फाटते आणि महिन्याच्या जीएसटीआर-२बी या तक्त्यात आपोआप येऊन बसते. हिशोबनीस न पाहता त्या कराची वजावट, ज्याला इनपुट टॅक्स क्रेडिट म्हणतात, ती घेऊन टाकतो. घरगुती वापराच्या मालावर ही वजावट कायद्याला मान्य नाही. ती वापरली गेली असेल तर पुढे कर परत भरावा लागतो, वर १८ टक्के दराने व्याज. शंभर-दोनशेच्या लोभापायी नोटीस घरी बोलावण्यात शहाणपण काय? कंपोझिशन योजनेतल्या व्यापाऱ्याला तर वजावट मुळीच नाही. ज्यांची उलाढाल ४० लाखांच्या आत आहे त्या माल विकणाऱ्यांना सर्वसाधारणपणे नोंदणीची सक्ती नाही. त्यांनी निव्वळ कार्डासाठी नोंदणी काढण्याचा विचार करू नये. घरचा माल आणलाच तर त्याचे बिल वेगळे करावे आणि वहीत घरखर्चाच्या खाती, उचल म्हणून लिहावे. दुकानाचा गल्ला आणि घरचा गल्ला एक झाला की नफा किती झाला हे वर्षअखेरीस कोणालाच सांगता येत नाही.

फायदा कोणाला आहे? हॉटेलवाल्याला, बेकरीवाल्याला, खानावळ चालवणाऱ्या भाभीला, लग्नाचे जेवण करणाऱ्या बावर्चीला. त्यांचा माल आठवड्यात उठतो, बिल धंद्यात धरले जाते. घरात वलीमा असेल, तीन-चारशे माणसांचे जेवण असेल, तर एक खेप जरूर करावी. रमजानपूर्वीही दोन-तीन घरांनी मिळून गाडी केली तर परवडते.

या ‘मिळून’ शब्दातच खरी किफायत आहे, आणि तिला अमेरिकेचे कार्ड लागत नाही. इंग्लंडातल्या रॉचडेल गावात १८४४ साली २८ कारागिरांनी, त्यात विणकर बरेच होते, माणशी एक पौंड जमवून पीठ, साखर, लोणी, ओटचे पीठ आणि मेणबत्त्या यांचे दुकान काढले. नफा ज्याच्या त्याच्या खरेदीच्या प्रमाणात वाटून दिला. जगभरच्या ग्राहक सहकारी भांडारांचा हा पाया. आपल्याच महाराष्ट्रात १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायत स्थापन झाली. शेजारची काही कुटुंबे मिळून संघ करतात, महिन्याची मागणी एकत्र नोंदवतात, माल एकदम येतो आणि घरोघर वाटला जातो. दुकान नाही, काच नाही, नोकर नाही. आमच्या मते हिंगोलीच्या कोणत्याही मोहल्ल्यात हे जमण्यासारखे आहे. बायकांच्या भिश्या जेथे वर्षानुवर्षे एक पैसा इकडचा तिकडे न होता चालतात, तेथे दहा घरांची डाळ-तांदळाची यादी करणे अवघड का असावे?

आणि आपण तर पिकाच्या उशाशी बसलो आहोत. हिंगोली-वसमतची हळद देशभर जाते आणि आपल्याच घरात शंभर ग्रॅमचे कंपनीचे पाकीट येते, याला काय म्हणावे! वर्षाचा गहू, वर्षाची तूर भरून ठेवण्याची चाल आपल्या वडीलधाऱ्यांची होती. उन्हे दाखवून, कडुनिंबाचा पाला घालून कणगी भरली जायची. जागा कमी झाली, ती चाल मोडली. दहा घरांनी चार महिन्यांचाच माल घ्यायचे ठरवले तरी दोन-तीन क्विंटल डाळ होते, आणि तेवढ्याला मोंढ्यातला अडत्या किंवा डाळमिलवाला भाव मोडून देतो. हमाली, तोलाई, हातगाडी सर्व धरून किलोमागे काय पडले ते एका कागदावर लिहून दहाही घरांना दाखवावे. पैसे आधी जमा करावेत, उधारी ठेवू नये, कारण अशा गोष्टी मोडतात त्या भावावरून नव्हे, एकाने पैसे मागे ठेवल्यावरून. हिशोब एकाकडे आणि माल मोजणे दुसऱ्याकडे असावे. नवी तूर जानेवारीपासून बाजारात येऊ लागते, गहू मार्च-एप्रिलमध्ये, हळदही उन्हाळ्यातच उतरते. ज्यांना करून पाहायचे आहे त्यांनी यादी तुरीपासून सुरू करावी.