पाचवे शील आणि दुखणाईत लेकरू



मागच्या रविवारी वंदना आटोपल्यावर एक माउली विहाराच्या पायरीवर रेंगाळली. म्हणाली, "ताई, पोरगं रोज पिऊन येतं. पाचवं शील म्हणताना माझी जीभ अडखळते."

पोरगा बावीस वर्षांचा, अंबडच्या कारखान्यात कंत्राटी कामाला. बोलता बोलता कळले, त्याला लहानपणापासून सिकलसेल आहे. घराबाहेर कोणालाच सांगितलेले नाही. का? तर धाकट्या बहिणीचे लग्न व्हायचे आहे.

सिकलसेल हा आईबापांकडून येणारा रक्ताचा आजार. विदर्भातल्या आपल्या बौद्ध घरांत आणि नाशिक जिल्ह्यातल्या आदिवासी बांधवांत तो बराच आढळतो. रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हातपाय, पाठ, छाती असह्य दुखू लागते. थंडी, ताप, अतिश्रम, अंगातले पाणी कमी होणे, एवढे निमित्त पुरते.

अशा वेळी कोणी सोबती म्हणतो, "दोन घोट घे, झोप लागेल." झोप लागते, पण दारू लघवीवाटे अंगातले पाणी काढून टाकते आणि पुढच्या कळेची तयारी करून ठेवते. बिडी-सिगारेटने रक्तातला प्राणवायू कमी होतो, पेशी आणखी वाकतात. दुकानातून मनाने आणलेल्या वेदनाशामक गोळ्या मूत्रपिंड बिघडवतात. काही गोळ्यांची तर सवयच जडते. त्यातलीच ट्रामाडोल ही गोळी 2018 साली सरकारने अमली पदार्थांच्या कायद्याखाली आणली. शिवाय ऑक्टोबर 2023 मध्ये आपल्या नाशिकजवळच्या शिंदे गावात एमडीचा कारखाना पोलिसांनी पकडला. विष इतके दाराशी आले आहे.

पण बायांनो, पोराला नुसते "बेवडा" म्हणून भागणार नाही. त्याची वेदना खरी आहे. व्यसनाच्या भीतीने डॉक्टरांनी दिलेले औषधही बंद करू नका. दुखणे आणि व्यसन, दोन्हींवर एकाच वेळी उपचार हवेत.

काय करावे? पोराला सरकारी रुग्णालयात न्या. तेथे सिकलसेलची तपासणी मोफत होते. हायड्रॉक्सीयुरिया हे औषध डॉक्टरांच्या देखरेखीखाली नियमित घेतले तर कळा कमी येतात. तो काय पितो, कोणत्या गोळ्या घेतो, हे डॉक्टरांना उघड सांगा. रोज पिणाऱ्याची दारू घरात कोंडून एकदम तोडू नका, झटके येऊन जिवावर बेतते. व्यसनमुक्तीसाठी 14446 या क्रमांकावर फोन फुकट लागतो. भरपूर पाणी, थंडीत ऊबदार कपडे आणि जमल्यास रात्रपाळीतून सुटका, एवढे घरच्यांनी पाहावे. 2016 च्या अपंग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे, त्या दाखल्याचीही चौकशी करा.

आणि लग्नाचे म्हणाल, तर आपण पत्रिका जुळवणे सोडले, आता रक्त तपासून घेऊ. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक धोका असतो. लपवाछपवीने तो टळत नाही.

बाबासाहेबांना मधुमेह होता, पाय दुखत. माईसाहेब स्वतः डॉक्टर, त्यांची पथ्ये-औषधे पाहत. त्या थकल्या देहानेच 14 ऑक्टोबर 1956 रोजी त्यांनी नागपुरात स्वतः पंचशील घेतले आणि लाखोंना धम्मदीक्षा दिली. आजारपणात त्यांनी औषधाचा आणि आपल्या माणसांचा आधार घेतला. आपल्या लेकरांनाही तोच आधार द्यायला हवा.

त्या माउलीला मी एवढेच म्हटले, "पाचवे शील ताठ मानेने म्हणा. पण पहिले शील करुणेचे आहे, ते आधी घरातल्या लेकराला लावा." ती पोराला घेऊन रुग्णालयात जाणार आहे. सोबत मीही जाईन.

तुमच्या शेजारी असे घर असेल तर कुजबुज करू नका. सोबतीला जा.

जय भीम!