विश्लेषण : सोडलेल्या धर्माच्या नेतृत्वाला पत्र लिहायचंय? आधी १९३६ चा पत्रव्यवहार समजून घ्या

नालासोपाऱ्यात राहणारा माझा एक इंजिनिअरिंगचा मित्र. घरच्यांच्या पंथातून तो चार वर्षांपूर्वी बाहेर पडला. गेल्या महिन्यात त्याने पंथप्रमुखांना उद्देशून लिहिलेलं नऊ पानांचं पत्र मला व्हॉट्सॲपवर पाठवलं. 'टायपिंगच्या चुका बघ, मग सगळ्या ग्रुपवर टाकतो,' असं म्हणाला. चुका फार नव्हत्या. पण पत्र वाचून मला एकच प्रश्न पडला. याची आई अजून दर रविवारी त्याच सत्संगाला जाते. ती हे पत्र दुसऱ्या पानापुढे वाचेल का?

धर्म किंवा पंथ सोडलेल्या माणसाने जुन्या नेतृत्वाला जाब विचारावा का? माझ्या मते जरूर विचारावा. आतल्या गोष्टी त्याला माहीत असतात आणि आतल्यांसारखी भीती त्याला उरलेली नसते. प्रश्न आहे तो पत्र कसं लिहायचं याचा.

१९३६ मध्ये काय घडलं?

१३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जाहीर केलं की, हिंदू म्हणून जन्मलो, तरी हिंदू म्हणून मरणार नाही. त्यानंतर दोनच महिन्यांत लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने त्यांना परिषदेचं अध्यक्षपद देऊ केलं. मंडळ हिंदू सुधारकांचं होतं. बाबासाहेबांनी भाषण लिहून मुंबईत छापायला दिलं.

मजकूर वाचून मंडळ बिथरलं. एप्रिल १९३६ मध्ये मंडळाच्या हरभगवान यांनी पत्र लिहून वेदांचा उल्लेख आणि शेवटचा काही भाग गाळावा, असं सुचवलं. २७ एप्रिलला बाबासाहेबांचं उत्तर गेलं. एक स्वल्पविरामही बदलणार नाही, असं त्यांनी कळवलं. परिषद झालीच नाही. मे महिन्यात त्यांनी स्वखर्चाने दीड हजार प्रती काढल्या. किंमत आठ आणे. दोन महिन्यांत सगळ्या संपल्या. तेच 'जातिप्रथेचे विध्वंसन' हे पुस्तक.

त्यावर महात्मा गांधींनी 'हरिजन'मध्ये टीका केली. धर्माची पारख त्याच्या वाईट नमुन्यांवरून नव्हे, उत्तम नमुन्यांवरून व्हावी, हा त्यांचा मुद्दा होता. पण मंडळाने हे भाषण होऊ द्यायला हवं होतं आणि पुस्तकाची किंमत कमी करावी, असंही त्यांनी लिहिलं. बाबासाहेबांनी १९३७ च्या दुसऱ्या आवृत्तीत ही टीका आणि तिला दिलेलं उत्तर, दोन्ही छापलं.

त्या मजकुरात वेगळं काय होतं?

तो माणूस निघण्याच्या तयारीत होता. हिंदू श्रोत्यांसमोरचं हे बहुधा आपलं शेवटचं भाषण, असं त्याने लिहूनच ठेवलं होतं. तरीही मजकूर नुसत्या संतापाचा नाही. पुरोहितवर्गावर टीका आहे आणि तिथेच उपायही आहे : पौरोहित्य वंशपरंपरेने मिळू नये, सरकारने परीक्षा घ्यावी, सनद द्यावी, पुरोहितांची संख्या कायद्याने ठरवावी. पटो न पटो, वाचणाऱ्याला विचार करावाच लागतो. 'तुम्ही सगळे वाईट' एवढंच लिहिलं असतं, तर वाद घालायलाही काही उरलं नसतं.

माझ्या मित्राच्या नऊ पानांत प्रमुखांसाठी चौदा विशेषणं होती. देणग्यांचा हिशोब कोण ठेवतो, तो सदस्यांना का दाखवत नाहीत, हा प्रश्न आठव्या पानावर, एका ओळीत होता.

सोपाऱ्याच्या दगडावर काय आहे?

सूर नरम ठेवूनही टीका करता येते, याचा नमुना आपल्याच भागात सापडला आहे. सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा १८८२ मध्ये सोपाऱ्यात मिळाला आणि नवव्याचा १९५६ मध्ये जवळच्या भुईगावात. नववा लेख कर्मकांडांविषयी आहे. आजारपण, लग्न, प्रवास अशा वेळी लोक नाना विधी करतात. राजा ते करू नका म्हणत नाही, त्यांचं फळ थोडं असं म्हणतो. आणि नोकरांशी नीट वागणं, वडीलधाऱ्यांचा मान राखणं यांचं फळ मोठं, असं सांगतो. 

कायदा काय म्हणतो?

- राज्यघटनेचं कलम २५ सद्सद्विवेकाचं स्वातंत्र्य देतं. धर्म सोडणं हा गुन्हा नाही.
- भारतीय न्याय संहितेच्या कलम २९९ नुसार जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूने धार्मिक भावना दुखावल्यास तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. हिशोबाचा प्रश्न विचारणं वेगळं आणि श्रद्धेची टिंगल करणं वेगळं.
- कलम ३५६ बदनामीचं आहे. कागद हातात नसेल, तर आरोप नको. प्रश्न विचारा.
- महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा २०१६ चा, लागू २०१७ पासून. समाजातल्या कुणाला वाळीत टाकल्यास तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पंथात राहिलेल्या नातेवाइकांसाठी हे महत्त्वाचं आहे.

धर्मप्रमुखाच्या बहिष्काराच्या अधिकाराचा वाद मात्र जुना आहे. मुंबई राज्याने १९४९ मध्ये कायदा करून त्याला बंदी घातली. दाऊदी बोहरा प्रमुखांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये चार विरुद्ध एक मताने तो कायदा रद्द केला. २०२३ मध्ये पाच न्यायाधीशांच्या पीठाने हा प्रश्न नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडे पाठवला.

मग पत्र कुणासाठी?

पाकिटावर नाव प्रमुखांचं असलं, तरी पत्र खरं वाचणार ते आत बसलेले लोक. त्यांच्या श्रद्धेवर घाव घातला, तर ते प्रमुखांच्याच बाजूने उभे राहतात. हिशोब, नेमणुका, बायकांना मिळणारी वागणूक यांवर बोट ठेवलं, तर त्यांच्याही मनात असलेला प्रश्न उघड होतो. म्हणून सूर हवा तेवढा मवाळ करा, पण मूळ प्रश्न कुणाच्या सांगण्यावरून गाळू नका.

मित्राचं पत्र आता दोन पानांचं आहे. विशेषणं गेली, हिशोबाचा प्रश्न पहिल्या परिच्छेदात आला. ग्रुपवर टाकण्याआधी ते आईला वाचून दाखव, असं मी त्याला सुचवलं. अजून त्याने दाखवलेलं नाही. प्रमुखांपेक्षा तिचीच भीती जास्त वाटते, म्हणतो.