लेखापरीक्षण म्हणजे वरातीमागून घोडे

‘लेखापरीक्षणाच्या धाकाने कामे रखडतात’ हे वाचकपत्र वाचले. त्यातले निदान पटत नाही.

मुखेड तालुक्यातील लेंडी प्रकल्पच घ्या. तेव्हाच्या आंध्र प्रदेशासोबत १९८०च्या दशकात हाती घेतलेला हा आंतरराज्य प्रकल्प. मूळ अंदाजपत्रक ६० कोटींच्या आतले, सुधारित खर्च २,००० कोटींपलीकडे. हे आक्षेपांच्या कागदांमुळे झाले नाही. पुनर्वसन मागे ठेवून भिंत पुढे रेटली, धरणग्रस्तांनी काम अडवले आणि दरसूची चढत राहिली.

लेखापरीक्षक येतो तेव्हा बिल निघालेले असते. पाया बुजल्यावर खाली मुरूम लागला की कठीण खडक, हे कोण उकरून पाहणार? मोजमाप पुस्तिकेत लिहिले तेच खरे! म्हणून तपासणी काम चालू असतानाच हवी.

लातूर-धाराशिवमध्ये हे घडलेले आहे. १९९३च्या किल्लारी भूकंपानंतर जागतिक बँकेच्या साहाय्याने घरांची दुरुस्ती व मजबुतीकरण झाले, तेव्हा मदत घरमालकाला हप्त्यांनी मिळे. आधीचे काम पाहूनच पुढचा हप्ता. ज्याचे घर, त्याचीच देखरेख.

धरणाला असा घरमालक नसतो. म्हणून प्रत्येक सुधारित मान्यतेसोबत वाढीची फोड जाहीर करावी: दरवाढ किती, भूसंपादन किती, जादा काम किती. ती ग्रामपंचायतीच्या फलकावर लागली, तर प्रामाणिक अभियंत्याचे काहीच बिघडत नाही. कर नाही त्याला डर कशाला?

— एक निवृत्त शाखा अभियंता, नांदेड