प्रस्तावाआधीचे बोलणे

योजनेच्या प्रस्तावात ‘लोकसहभाग’ नावाचा एक रकाना असतो. ग्रामसभेचा ठराव जोडला, लोकवर्गणीचा आकडा लिहिला, की तो भरतो. गावाच्या मनात काय आहे, हे मात्र त्यातून कळत नाही. ग्रामविकासात काम करणाऱ्या प्रत्येकाने कॅनडातल्या फोगो बेटाची हकीकत अभ्यासायला हवी, ती यासाठीच.

न्यूफाउंडलंडच्या ईशान्य किनाऱ्यालगतच्या या बेटावर १९६०च्या दशकात सुमारे ५ हजार माणसे विखुरलेल्या वस्त्यांत राहत होती. पोट कॉड मासळीवर. धंदा बसत चालला होता, व्यापारी पाठ फिरवत होते आणि प्रांतिक सरकार दूरदूरच्या वस्त्या उठवून लोकांना मोठ्या गावांत हलवत होते. वस्तीवस्तीत पंथभेद होते. शाळासुद्धा चर्चनुसार वेगळ्या.

१९६७ मध्ये मेमोरियल विद्यापीठाच्या विस्तार विभागाचे डॉन स्नोडेन यांच्या पुढाकाराने राष्ट्रीय चित्रपट मंडळाचे दिग्दर्शक कॉलिन लो कॅमेरा घेऊन तिथे गेले. मच्छीमार होड्या, शाळा, स्थलांतर यांवर मोकळेपणाने बोलले. चित्रण आधी त्यांनाच दाखवले गेले आणि त्यांनी होकार दिल्यावरच ते इतरांपुढे गेले. एका वस्तीचे गाऱ्हाणे दुसऱ्या वस्तीने पडद्यावर पाहिले, तेव्हा दुखणे एकच आहे हे उमगले. मग हे लघुपट मंत्र्यांपर्यंत पोहोचले आणि त्यांची उत्तरेही चित्रित होऊन बेटावर परत आली.

सहकारी संस्थेची चर्चा बेटावर आधीपासून होतीच. या संवादाने तिला बळ मिळाले. संस्थेने मोठ्या होड्या बांधल्या, मासळी प्रक्रियेचे काम हाती घेतले. बेट उठले नाही.

१९९२ मध्ये कॉडच्या मासेमारीवर बंदी आली, तेव्हा हीच संस्था खेकडे आणि कोळंबीकडे वळली. पुढे बेटाचीच लेक झिटा कॉब यांनी भावंडांसह ‘शोअरफास्ट’ ही संस्था उभी केली. २०१३ मध्ये सुरू झालेल्या तिच्या २९ खोल्यांच्या हॉटेलाची शिल्लक बेटाच्या कामांत जाते. पाहुण्याचा पैसा कशावर खर्च होतो आणि त्यातला किती बेटावरच राहतो, हेही तिथे छापून दाखवले जाते.

गडचिरोलीतले मेंढा-लेखा हे गाव ज्यांना माहीत आहे, त्यांना यात ओळखीचे काही दिसेल. तिथेही अभ्यासगटांतली चर्चा आणि सर्वसहमतीने निर्णय घेण्याची सवय आधी रुजली. सुमारे १,८०० हेक्टर जंगलावरचा सामूहिक हक्क २००९ मध्ये मिळाला, तो त्यानंतर.

अशा बोलण्याला वेळ लागतो, आणि त्या वेळेसाठी प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात पैसा नसतो. निधी देणाऱ्या संस्थांनी आणि जिल्हा परिषदांनी तो द्यायला हवा. कार्यकर्त्यांना तर आता वेगळा कॅमेराही नको, खिशातला मोबाइल पुरे. भूमिहीनांचे, बायकांचे, वाडीवरच्यांचे म्हणणे टिपावे, ते आधी त्यांनाच दाखवावे, त्यांच्या संमतीने ग्रामसभेत आणि तालुक्याच्या कचेरीत न्यावे. साहेबांचे उत्तरही तसेच टिपून गावाला दाखवावे. प्रस्तावाचा कोरा कागद त्यानंतर काढावा.