मुलांची उंची याच आठवड्यात मोजा

शाळेच्या प्रार्थनेला दरवर्षी रांगेत सगळ्यात पुढे उभं राहणारं मूल तुमच्या घरात किंवा वर्गात असेल, तर हे आवाहन तुम्हाला आहे. दोन-दोन वर्षं तोच गणवेश पुरतो, धाकटं भावंड उंचीने बरोबरीला येतं, आणि आजी म्हणते, "याचा बापही असाच होता, दहावीनंतर वाढला." बरेचदा आजीचं खरं ठरतं. बहुतेक ठेंगणी मुलं ठणठणीत असतात. पण काहींच्या मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी ग्रोथ हार्मोन पुरेसं बनवतच नाही, आणि ते नुसतं बघून ओळखता येत नाही. मोजावं लागतं.

म्हणून मोजा. अनवाणी, केस मोकळे, टाचा आणि पाठ भिंतीला टेकलेली, नजर समोर. डोक्यावर जाड पुस्तक आडवं धरून भिंतीवर खूण करा, टेपने मोजा, तारीख घालून वहीत लिहा. दर सहा महिन्यांनी पुन्हा. चार वर्षांपासून वयात येईपर्यंत मूल वर्षाला साधारण ५ सेंटिमीटर वाढतं. वाढ ४ सेंटिमीटरच्या खाली असेल तर बालरोगतज्ज्ञांकडे जा, वाढदिवसाची वाट बघू नका. हाडांच्या टोकांशी असलेल्या वाढीच्या कूर्चा मुलींमध्ये साधारण १४-१५ व्या आणि मुलांमध्ये १६-१७ व्या वर्षी मिटत येतात. त्या मिटल्या की कोणतंही औषध उंची वाढवत नाही. उंची वाढवणाऱ्या पावडरी आणि दांडीला लटकणं यांत घालवलेली वर्षं मुलाच्या हिश्शातून जातात, याचा मला फार राग येतो.

थायरॉईड, गव्हाची अ‍ॅलर्जी समजला जाणारा सीलिअ‍ॅक आजार, मुलींमध्ये टर्नर सिंड्रोम ही कारणं आधी तपासली जातात. डाव्या हाताच्या एक्स-रेवरून हाडांचं वय कळतं. ग्रोथ हार्मोनची कमतरता सिद्ध झाली, तर त्याचं इंजेक्शन.

हे इंजेक्शन आजवर रोज रात्री घ्यावं लागे, वर्षाला ३६५ वेळा, तेही कित्येक वर्षं. मुलं रडतात, आईबाप थकतात, डोस चुकतात आणि वाढ मंदावते. आता आठवड्यातून एकदाच द्यायची औषधं आली आहेत. अमेरिकेत मुलांसाठी २०२१ मध्ये लोनापेगसोमाट्रोपिन, तर २०२३ मध्ये सोमापॅसिटान आणि सोमाट्रोगॉन मंजूर झालं. सोमाट्रोगॉनच्या चाचणीत २२४ मुलं होती. रोज टोचून घेणारी आणि आठवड्याने टोचून घेणारी, दोन्ही गटांतली मुलं वर्षाला १० सेंटिमीटरच्या आसपास वाढली. ३६५ ऐवजी ५२ सुया! तुमच्या डॉक्टरांना याबद्दल जरूर विचारा. पण कळकळीने सांगते, साप्ताहिक इंजेक्शन मिळेल, स्वस्त होईल, या आशेवर रोजचं थांबवू नका, सुरू करायचं लांबवू नका. दीर्घ अनुभव रोजच्याच औषधाचा आहे आणि ते उत्तम काम करतं. उपचार चालू असताना डोकं फार दुखलं, नजर अंधुक झाली किंवा मूल लंगडू लागलं, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.

पैशांची धास्ती मोठी असते, म्हणून शेत विकण्याआधी हे वाचा. केंद्राच्या २०२१ च्या दुर्मीळ आजार धोरणात, सिद्ध झालेल्या ग्रोथ हार्मोन कमतरतेच्या उपचाराचा समावेश आहे. त्याखाली रुग्णामागे ५० लाख रुपयांपर्यंत मदतीची तरतूद आहे. ती नेमलेल्या केंद्रांमार्फत मिळते, आणि मुंबईचं केईएम रुग्णालय त्यांपैकी एक आहे. तिथे चौकशी करा.

शिक्षकांनो, अंगणवाडीताईंनो, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तुमच्याकडे येतं तेव्हा ज्या मुलाची वाढ थांबल्यासारखी वाटते, त्याचं नाव आपणहून सांगा. आईबापांना शाळेत बोलावून घ्या. मुलींबाबत दुप्पट जागरूक राहा, कारण "मुलगी आहे, ठेंगणी असली तरी चालेल" म्हणून त्यांना दवाखान्यात नेलंच जात नाही.

डॉक्टरांकडे जाताना जन्माच्या वेळच्या वजनाची नोंद, लसीकरणाचं कार्ड, शाळेतल्या जुन्या उंचीच्या नोंदी आणि आईबाप दोघांची उंची लिहून न्या.